त्या सगळ्या नळ्या ‘प्रदूषणाच्या’ नसतात

फोक्सवॅगनच्या १.८ टर्बो इंजिनाबद्दल एक सल्ला मालकांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. ऑडी ए४, पसाट, गोल्फ जीटीआय आणि आपल्याकडची पहिली ऑक्टाव्हिया आरएस, या सगळ्यांच्या बॉनेटखाली याच कुळातलं २० व्हॉल्व्हचं इंजिन. सल्ला असा: ‘वरची नळकांडी सरकारला खूश ठेवायला बसवलीत. उपटा, तोंडं बुजवा, ईसीयूमधले (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले) बिघाडाचे कोड बंद करून घ्या. ताकद वाढते, बिघाड संपतात.’ रीमॅप केलेल्या (ताकदीसाठी ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदललेल्या) गाड्यांचे मालक हे डोळे झाकून करतात. मीही त्यातलं थोडं केलंय, आणि त्यातला एक बदल अजून तसाच ठेवलाय.

आधी ‘प्रदूषणाच्या नळ्या’ हे प्रकरण बघू. बोटाएवढ्या जाडीच्या, एकसारख्या काळ्या दिसणाऱ्या या नळ्यांची कामं अगदी वेगवेगळी आहेत. एन-७५ या विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या तीन नळ्या वेस्टगेटला (टर्बोचा दाब मर्यादेत ठेवणाऱ्या झडपेला) किती दाब द्यायचा ते ठरवतात. त्या काढून टर्बोची नळी थेट वेस्टगेटला जोडलीत, तर टर्बो फक्त वेस्टगेटच्या स्प्रिंगच्या दाबावर चालेल आणि रीमॅपचे पैसे पाण्यात. बऱ्याच गाड्यांत ब्रेक बूस्टरच्या लाइनवर प्लॅस्टिकचा छोटा जेट पंप असतो. मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळकांड्याचा) व्हॅक्यूम अपुरा पडला की ब्रेकला हात देणारा तोच. त्याला ‘पोल्युशनचा पार्ट’ म्हणून कचऱ्यात टाकलेला मी डोळ्यांनी पाहिलाय.

आणि रेलवरच्या (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवरच्या) फ्युएल रेग्युलेटरची ती करंगळीहून बारीक नळी! रेग्युलेटर ३ बारचा. मॅनिफोल्डमध्ये १ बार बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) चढला की ही नळी ती खबर देते, रेलमधला दाब ४ होतो, आणि इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक ३ चा ३ राहतो. नळी काढलीत तर रेलमध्ये ३, समोरून १, उरले २. पेट्रोलचा प्रवाह दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो, म्हणजे साधारण १८ टक्के पेट्रोल कमी. तेही नेमकं घाटात पाय दाबलेला असताना. मिश्रण पातळ, मग नॉकिंग (पेट्रोलचा अवेळी भडका), मग पिस्टन. ईसीयू सावरायचा प्रयत्न करेल, पण त्याच्या भरवशावर कोण राहणार?

आता ताकद. सर्वांत जास्त शिव्या खाणारा भाग म्हणजे सेकंडरी एअर पंप. (कुठल्या देशासाठी गाडी बनली त्यावर तो आहे की नाही हे ठरतं, तुमच्यात नसेलही.) थंड इंजिन सुरू केलं की तो मिनिटभर घोंघावतो, एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतो, कॅट (धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) लवकर तापतो, आणि बंद. पुढे ५००० आरपीएमला तो झोपलेला असतो, मग काढून ताकद वाढणार कुठून? दोन-चार किलो वजन कमी होईल आणि जागा मोकळी होईल, बस. टाकीतली वाफ शोषून ठेवणाऱ्या कोळशाच्या डब्याकडून येणाऱ्या पेट्रोलच्या वाफेचंही तेच. बूस्टमध्ये चेक व्हॉल्व्ह (एकेरी झडप) तिची मॅनिफोल्डकडची वाट बंदच करतो. टर्बोच्या मागचा कॅट मोकळा केला की फरक जाणवतो हे मान्य, पण तो एक्झॉस्टचा विषय. त्याचं श्रेय नळ्यांना देऊ नका.

बिघाड संपतात हा दावा मात्र अर्धा खरा आहे. वीस वर्षांचं रबर तळलेल्या कुरडईसारखं झालेलं असतं, बोटांनी दाबलं की चुरा. प्लॅस्टिकचे टी हात लावला की तुटतात. जोड कमी, तर गळती कमी, हे बरोबरच. म्हणून मी डायव्हर्टर व्हॉल्व्हवर (टर्बोचा साठलेला दाब सोडणाऱ्या झडपेवर) ईसीयूचा ताबा ठेवणारा एन-२४९ नळ्यांच्या वाटेतून काढला आणि डायव्हर्टरला थेट मॅनिफोल्डची नळी दिली. पाय उचलल्यावर तो पूर्वीसारखाच उघडतो. ईसीयूला मनात येईल तेव्हा तो उघडता येत नाही, एवढंच गमावलं. एन-२४९ ला त्याचा विजेचा प्लग जोडलेला ठेवला, म्हणून बिघाडाची लाइटही पेटली नाही.

पण पीसीव्हीला (इंजिनाच्या तळातला, म्हणजे क्रँककेसमधला गॅस परत इंजिनात नेणाऱ्या जोडणीला) मी हात लावला नाही. बूस्टमध्ये पिस्टनच्या कडेने गॅस क्रँककेसमध्ये उतरतोच, आणि रीमॅपनंतर जास्त. बूच मारलंत तर तो सीलमधून ऑइल घेऊन बाहेर पडेल. पीसीव्हीच्या जागी साधी निळी सिलिकॉनची नळी घातली तर तिला महिन्याभरात ऑइलचा घाम फुटतो. आतून फ्लोरो अस्तर असलेली हवी. कोळशाचा डबा काढून टाकीची वाफ हवेत सोडणाऱ्यांनी मे महिन्यात सोसायटीच्या बेसमेंटमध्ये एक चक्कर मारावी, शेजारी सांगतीलच.

‘कोड बंद केला की झालं’ याबद्दल फार बोलायला नको. पंप काढल्यावर पी०४११ (पंपाच्या बिघाडाचा कोड) लपवला तर इंजिनाचं काही बिघडत नाही. पण रीमॅप करणाऱ्याने सरसकट पुसताना पी०१७१ ही पुसला, तर मिश्रण पातळ होतंय हे सांगणारं कोणी उरत नाही. पीयूसी पास झाली हाही पुरावा नव्हे. ती तापलेल्या इंजिनावर घेतात, थंड स्टार्टचा धूर तिला दिसतच नाही. कॅट काढलेला मात्र तिथे लपवणं अवघड. आणि मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ (गाडीतले बदल) आणि १९०(२) (प्रदूषण) आहेच.

गेल्या पावसाळ्यात एका मित्राची अशीच ‘साफ केलेली’ गाडी आली. मॅनिफोल्डवर पाच बुचं, आयडल वरखाली, सकाळी मिसिंग. बूस्ट गेज आणि दोन सेन्सर बदलून झाले होते. आम्ही गळती शोधायला नळ्यांमध्ये धूर सोडून पाहिलं, तर तिसऱ्या बुचाच्या तळातून बारीक पांढरी रेघ निघत होती. ज्या स्वस्त रबरी टोप्यांनी तोंडं बंद केली होती, त्या दोन उन्हाळ्यांत तडकल्या होत्या. पितळी प्लग, क्लिपा, रेग्युलेटरला नवी नळी, आणि प्रत्येक चेक व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिला: एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने नाही. चारांपैकी एक दोन्हीकडून फुंकला जात होता, तो कोळशाच्या डब्याच्या लाइनवरचा.