अनारसे, व्हिनेगर आणि दोन बाटल्या

मावशीचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. "अरे, ह्याला अनारसे देऊ की नको?" मावसभाऊ मर्चंट नेव्हीत. सोमवारी त्याची मेडिकल, त्यात ड्रग टेस्ट. फॅमिली ग्रुपवर फिरणारा फॉरवर्ड म्हणतो: खसखस खाल्ली की अफूची टेस्ट पॉझिटिव्ह, लघवी तपासायच्या झटपट टेस्टच्या पट्टीने दाखवलं की करिअर संपलं. उपाय? पोटभर पाणी आणि रोज सकाळी अर्धा कप व्हिनेगर. पोरगा दोन दिवस ते पितोय आणि वर इनो घेतोय.

व्हिनेगरने लघवीतलं मॉर्फिन, म्हणजे अफूतलं मुख्य द्रव्य, जात नाही, जळतं ते पोट. आणि पाण्याचं म्हणाल, तर लॅबवाले काय डोळे मिटून बसलेत? अमेरिकेच्या सरकारी नियमांत नमुना दिल्यापासून ४ मिनिटांच्या आत त्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअस हवं. मग क्रिएटिनिन, म्हणजे लघवीतून रोज बाहेर पडणारा शरीरातला एक टाकाऊ पदार्थ. ते डेसिलिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की विशिष्ट गुरुत्वही, म्हणजे पाण्याच्या मानाने लघवी किती दाट, तपासतात. म्हणजे ज्याने आयुष्यात विडी ओढली नाही, त्या पोराच्या नमुन्यावर 'पातळ केलेला' असा शेरा पडायचा. हा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला सोमवारी त्याच्या जागी उभा करायला हवा.

पट्टी म्हणजे नुसता पहिला संशय. मिळतीजुळती औषधंही तिला फसवतात. म्हणून पुढे लॅबमधली पक्की तपासणी, जीसी-एमएस नाहीतर एलसी-एमएस नावाच्या यंत्रांवर: रेणू वेगळे काढायचे, फोडायचे, तुकड्यांच्या वजनावरून पदार्थ ओळखायचा. त्याच नियमांत नमुना दोन बाटल्यांत, देणाऱ्यासमोर सील करून ठेवतात. निकाल मान्य नसेल तर दुसरी बाटली दुसऱ्या लॅबकडे.

अशीच दुसरी अफवा: टक्कल केल्यावर केसांची टेस्ट टळते म्हणे. अंगावर केस नसतात का?

राहिली खसखस. इथे, जिवावर येतंय पण, फॉरवर्ड अर्धा खरा आहे. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलेच दाणे; बोंडाचा चीक त्यांना लागतो आणि त्यात मॉर्फिन असतं. नेमक्या याच कारणाने अमेरिकेने १९९८ मध्ये पॉझिटिव्ह धरायची मर्यादा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून थेट २००० वर नेली. शिवाय हेरॉईनची खूण, म्हणजे हेरॉईन घेतल्यावरच शरीरात तयार होणारं ६-एएम हे द्रव्य, वेगळी शोधतात. ती खसखशीतून येत नाही. पण सगळ्याच लॅब २००० ची मर्यादा लावतात असं नाही.

तेव्हा मावशी, अनारसे सोमवारपर्यंत डब्यात राहू देत. तो कोडीनवालं (तेही अफूच्याच कुळातलं) खोकल्याचं औषध घेत असेल तर डॉक्टरची चिठ्ठी सोबत दे. आणि ती व्हिनेगरची बाटली त्याच्या हातून काढून घे, आत्ता.