मेंडिपच्या रविवारच्या शाळा: एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातल्या मेंडिप डोंगरात अठराव्या शतकाच्या अखेरीस गरिबांच्या मुलांसाठी निघालेल्या रविवारच्या शाळांवरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार. तुमचा मुख्य आक्षेप असा की इंग्रज लेखिका हॅना मोर हिने बहिणींसोबत काढलेल्या या शाळा म्हणजे गरिबांना मुठीत ठेवण्याचं साधन होतं. गरिबांच्या मुलांना लिहायला शिकवणं जिला नामंजूर होतं, तिचं कौतुक कशाला? शिवाय दोन छोटे मुद्दे आहेत: या शाळांचा जनक रॉबर्ट रेक्स, त्याला मी एका वाक्यात उरकलं, आणि सॉमरसेटमधल्या चार खेड्यांशी मराठी वाचकाला काय देणंघेणं?

लेखनबंदीचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे, आणि मूळ लेखातही ते आलेलं आहे. १८०१ साली बाथ अँड वेल्सच्या बिशपना लिहिलेल्या पत्रात मोर आडपडदा न ठेवता सांगते की गरिबांनी लिहायला शिकणं मला मंजूर नाही. रविवारी धर्मग्रंथ वाचावा, धर्माची प्रश्नोत्तरं पाठ करावीत आणि इतर दिवशी मोलकरणीला लागतील अशी जाडीभरडी कामं शिकावीत, एवढाच तिचा अभ्यासक्रम. तुमच्या बाजूने आणखी एक पुरावा मीच देतो. ॲन यर्स्ली ही ब्रिस्टलमध्ये घरोघरी दूध घालणारी कवयित्री. १७८५ साली मोरने वर्गणीदार जमवून तिचा कवितासंग्रह काढून दिला, पण जमलेली रक्कम विश्वस्तांच्या हाती ठेवली. स्वतःच्या कवितांचे पैसे स्वतःच्या हातात मिळेनात म्हणून यर्स्ली भडकली आणि दोघींचं कायमचं फाटलं. मला हा प्रसंग मोरच्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा वाटतो.

पण शाळा कशासाठी काढली यावरून त्या शाळेतून काय निघालं हे ठरवता येत नाही. माझ्या लेखाचं म्हणणं तेवढंच होतं आणि त्यावर मी आजही ठाम आहे.

ऑगस्ट १७८९ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारा खासदार विल्यम विल्बरफोर्स मोर भगिनींकडे पाहुणा होता. मेंडिपमधल्या चेडर गावची प्रसिद्ध घळ बघायला म्हणून तो गेला आणि परतला तो खोलीत जाऊन बसला. सोबत दिलेलं जेवण तसंच परत आलं होतं. घळीच्या आसपास राहणाऱ्या माणसांची दैना त्याने पाहिली होती. चेडरसाठी काहीतरी केलंच पाहिजे, कष्ट तुम्ही घ्या, खर्च मी सोसतो, असं तो म्हणाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात शाळा उघडली. त्या भागातल्या लागून असलेल्या १३ पॅरिशांत (एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांत) मिळून एकही धर्मगुरू मुक्कामाला नव्हता. चेडरचा मुख्य धर्मगुरू ऑक्सफर्डला, त्याचा मदतनीस कित्येक मैलांवर वेल्सला. अख्ख्या गावात मोरला बायबलची एकच प्रत दिसली, तीही फुलझाडाच्या कुंडीला टेकण म्हणून लावलेली.

आता विरोध कोणी केला ते बघा. गावातल्या सगळ्यांत श्रीमंत शेतकऱ्याने तिला विनवलं की इथे धर्म वगैरे आणू नका, त्याने गरीब आळशी होतात. दुसऱ्या एका शेतकऱ्याच्या बायकोचं मत असं, की खालच्या लोकांच्या नशिबीच गरिबी आणि अज्ञान लिहिलेलं आहे. मोरने त्यांच्याशी वाद घातला नाही. शाळा आली तर तुमच्या बागांतली फळं चोरीला जाणार नाहीत, ससे मारले जाणार नाहीत, गरिबांसाठी द्यावा लागणारा करही कदाचित उतरेल, असं सांगून तिने परवानग्या मिळवल्या. तुम्ही हेच बोलणं तिच्या विरोधात उद्धृत केलं आहे. पण ते ती कोणासमोर बोलत होती हेही बघायला हवं. ज्यांच्या जमिनीवर अख्खं गाव पोट भरत होतं, त्यांच्या संमतीशिवाय शाळेला खोलीसुद्धा मिळाली नसती.

याहून महत्त्वाचं प्रकरण मेंडिपमधल्याच ब्लॅगडन गावचं. तिथली शाळा १७९५ मध्ये धर्मगुरू टॉमस बेअर याच्याच विनंतीवरून निघाली. पाच वर्षांत तोच उलटला. शाळेचा मास्तर हेन्री यंग सोमवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना जमवतो आणि तिथे लोक मनाने प्रार्थना रचून म्हणतात, आपले अनुभव सांगतात, हा त्याचा आरोप. आज यात गैर काय ते कळणारही नाही. पण फ्रान्समधल्या क्रांतीने धास्तावलेल्या इंग्लंडात मजुरांनी चर्चच्या परवानगीविना एकत्र बसून तोंड उघडणं म्हणजे बंडाची चाहूल होती. शाळा बंद झाली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद झाली. वीसच्या वर पत्रकं निघाली आणि राजनिष्ठा शिकवणाऱ्या हॅना मोरवर राजद्रोहाला खतपाणी घातल्याचा ठपका आला. या शाळा जर नुसतं आज्ञापालन शिकवत होत्या, तर सत्तेच्या बाजूचे लोक त्यांना एवढे का घाबरले? १८०७ मध्ये खासदार डेव्हिस गिडी संसदेत उघड बोलला की शिकलेले गरीब आपल्या स्थितीचा तिरस्कार करतील आणि राजद्रोही पत्रकं वाचतील. गरिबांच्या शाळांचं विधेयक त्या वर्षी उमरावांच्या सभागृहात पडलं.

आणि गिडीची भीती खोटी नव्हती. लँकेशरचा विणकर सॅम्युएल बॅमफर्ड १८१९ मध्ये मिडलटनचा जमाव घेऊन मँचेस्टरमधल्या पीटरलूच्या मैदानावर गेला, जिथे संसदेत सुधारणा मागणाऱ्या सभेवर घोडदळ घातलं गेलं. तो आपल्या आठवणींत लिहितो, की संसदेतल्या सुधारणांसाठी खेडोपाडी सभा भरत, तिथे वाचणारी, लिहिणारी, बोलणारी मजूर माणसं आधीच्या तीस वर्षांतल्या रविवारच्या शाळांनीच तयार केली होती. उत्तरेकडच्या काही शाळांत रविवारी लेखनही शिकवत. स्टॉकपोर्टच्या अवाढव्य शाळेने तर ते चालू ठेवलं म्हणून जेबेझ बंटिंगसारख्या मेथडिस्ट (एका प्रॉटेस्टंट पंथाच्या) पुढाऱ्याचा रोष पत्करला. मोरची लेखनबंदी ही तिच्या शाळांची मर्यादा होती, सगळ्या चळवळीची नव्हे. कारखान्यात किंवा शेतात आठवड्याचे सहा दिवस राबणाऱ्या पोरासाठी शिकायला मोकळा वार एकच होता, आणि तो वार या शाळांनी वापरला.

रेक्सबद्दल थोडक्यात. ग्लॉस्टरमध्ये १७८० साली त्याने शाळा काढली, पण हॅना बॉल हाय वायकममध्ये १७६९ पासूनच शिकवत होती, आणि ग्लॉस्टरच्या कामात टॉमस स्टॉक हा धर्मगुरू बरोबरीचा भागीदार होता. रेक्सकडे स्वतःचं वर्तमानपत्र होतं. १७८३ मध्ये त्याने त्यात या शाळांची बातमी छापली आणि कल्पना देशभर पसरली. हे काम मोठंच आहे, पण माझा लेख सॉमरसेटवर होता.

मराठी वाचकाचं म्हणाल, तर ज्या विल्बरफोर्सने चेडरचा खर्च उचलला, त्यानेच ईस्ट इंडिया कंपनीच्या १८१३ च्या सनदेत मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येऊ देणारं कलम घालण्यासाठी संसदेत जंग जंग पछाडलं. त्याच वर्षी अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले आणि पुढे त्यांनी मराठी शाळा काढल्या, १८२४ मध्ये मुलींचीही. धर्मग्रंथापुरतं वाचायला शिकवायचं की त्यापलीकडे जायचं, हा मेंडिपमधला प्रश्न त्या शाळांपुढेही होता. पुढचा लेख त्यावरच लिहितो आहे. मुंबई-नगरच्या मिशन शाळांची जुनी क्रमिक पुस्तकं किंवा अहवाल तुमच्या पाहण्यात असतील, तर जरूर कळवा.