टीम बुडाली की खापर गावावर

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीची एखादी छोट्या लीगमधली टीम बंद पडली, किंवा बाडबिस्तरा आवरून दुसऱ्या गावी गेली, की एक तयार निदान लगेच फिरायला लागतं. ते साधारण असं असतं: हॉकी हा थंड मुलखाचा खेळ, तो तिथेच रुजतो, दक्षिणेत किंवा वाळवंटात टीम काढणं हे पैसेवाल्यांचं खूळ, टीम जिंकत राहिली की लोक येतातच, शहर मोठं असलं की धोका कमी, आणि टीम गेली याचा अर्थ गावाने तिला नाकारलं. तिकडे राहणारी आपली मंडळीही हे मोठ्या खात्रीने पुढे ढकलतात. ऐकताना सगळं पटतं. एकेक मुद्दा हातात घेऊन पाहिला की मात्र गळती लागते.

त्याआधी हा धंदा चालतो कसा, ते दोन ओळींत. सगळ्यात वर एनएचएल, म्हणजे मुख्य मोठी लीग. तिच्याखाली एएचएल, तिच्याखाली ईसीएचएल, आणखी खाली एसपीएचएल वगैरे. एएचएलमध्ये बहुतेक खेळाडूंचा पगार वरचा एनएचएल क्लब देतो आणि स्थानिक मालक त्या क्लबला संलग्नतेची फी भरतो. ईसीएचएलमध्ये बहुतेक पगार मालकाच्याच खिशातून जातात. दोन्हीकडे हंगामात ७२ सामने, म्हणजे घरच्या मैदानावर ३६. टीव्हीचे घसघशीत पैसे इथवर झिरपत नाहीत. वर्षाचा खर्च त्या ३६ रात्रींतच भागवायचा: तिकिटं, कठड्यावरच्या जाहिराती, पार्किंग, बिअर, हॉट डॉग. यातली शेवटची तीन नावं लक्षात असू द्या, पुढे सगळा घोळ तिथेच होतो.

दावा पहिला: हॉकी थंड गावातच चालते

साउथ कॅरोलिनातल्या नॉर्थ चार्ल्सटनला स्टिंगरेज ही टीम १९९३ पासून आहे. तिथल्या हिवाळ्याला बर्फ म्हणजे काय ते फारसं माहीत नाही. फ्लोरिडात एस्टेरोला एव्हरब्लेड्स १९९८ पासून खेळतात. त्यांनी २०२२, २०२३ आणि २०२४ असं ओळीने तीन वर्षं ‘केली कप’ हे ईसीएचएलचं विजेतेपद उचललं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पाम डेझर्टला २०२२ मध्ये कोचेला व्हॅली फायरबर्ड्स आले आणि पहिल्याच हंगामात एएचएलच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्याच्या जादा वेळेपर्यंत पोचले.

यामागे चमत्कार काही नाही. हॉकीचा हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. कॅनडातली आणि उत्तरेकडच्या राज्यांतली निवृत्त माणसं थंडी टाळायला फ्लोरिडात, कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात येऊन राहतात, तीही नेमकी याच महिन्यांत. म्हणजे उन्हाच्या गावात हॉकी पाहत वाढलेला, हातात वेळ आणि पैसा असलेला प्रेक्षक हंगामापुरता आपण होऊन येतो. अलाबामातल्या हंट्सव्हिलचं कारण निराळं. रॉकेट आणि अवकाश संशोधनाच्या नोकऱ्यांसाठी तिथे देशभरातून माणसं येत राहिली, आणि तिथली हॅवक ही टीम एसपीएचएलमध्ये गर्दी खेचणाऱ्यांपैकी आहे. हवामान पाहून यातलं काहीच सांगता आलं नसतं.

मग दक्षिणेत टीम बुडतात ही समजूत आली कुठून? ती हवेतून आलेली नाही. १९९० च्या दशकात दक्षिणेत हॉकीची लाटच आली होती. लुईझियानाचं उदाहरण घ्या. १९९८-९९ च्या हंगामात या एका राज्यात सात व्यावसायिक टीम होत्या: लाफायेट, बॅटन रूज आणि न्यू ऑर्लिन्स ईसीएचएलमध्ये, श्रीव्हपोर्ट-बोझियर सिटी, मनरो, लेक चार्ल्स आणि अलेक्झांड्रिया डब्ल्यूपीएचएल या नव्या लीगमध्ये. नव्या टीमकडून प्रवेशशुल्क मिळत असल्यामुळे नवी टीम नाकारण्यात लीगला रस नव्हता, आणि गावोगावच्या सभागृहांना मोकळ्या तारखा भरायच्या होत्या. लाफायेटचे आइसगेटर्स भरात असताना सरासरी दहा हजारांवर लोक येत. २००५ मध्ये ते ईसीएचएलमधून बाहेर पडले. मधल्या काळात लाफायेटचं हवामान बदललं नव्हतं. पहिली काही वर्षं माणसं नवलाईने येतात. नंतर त्यातल्या किती जणांना धरून ठेवता येतं, हा खरा सवाल असतो, आणि एका राज्यात सात दुकानं थाटल्यावर त्याचं उत्तर अवघडच व्हायचं. न्यू ऑर्लिन्सच्या ब्रास या टीमचा शेवट तर आणखी बोलका आहे. २००२ मध्ये त्यांच्या अरीनात, म्हणजे बंदिस्त क्रीडागृहात, एनबीएची बास्केटबॉल टीम राहायला आली. बर्फावर लाकडी फरशी घालायची, ती काढून पुन्हा बर्फ उघडा करायचा, हा दर वेळचा खर्च हॉकी टीमच्या गळ्यात आला, आणि टीमने गाशा गुंडाळला.

दाव्यात एक गोष्ट खरी आहे, ती मान्य करायला हवी. पोरांना खेळायला रिंक, म्हणजे बर्फाची मैदानं, नसतील तर पुढच्या पिढीचा प्रेक्षक तयार होत नाही, आणि उष्ण मुलखात रिंक बांधणं आणि चालवणं महाग पडतं. एस्टेरोला त्याच संकुलात सामान्य लोकांसाठीही रिंक आहेत, ही टिकण्यामागची छोटी बाब नाही.

दावा दुसरा: जिंकत राहा, लोक येतील, टीम टिकेल

न्यू हॅम्पशरचं मँचेस्टर. थंडी भरपूर, हॉकीची परंपरा भरपूर. मोनार्क्स तिथे २००१ पासून, एनएचएलच्या लॉस एंजेलिस किंग्जची दुय्यम टीम म्हणून. १३ जून २०१५ ला त्यांनी एएचएलचा कॅल्डर कप जिंकला. जिंकले तेव्हा त्यांचं जाणं ठरून साडेचार महिने झाले होते. जानेवारीतच लीगने जाहीर केलं होतं की पाच टीम कॅलिफोर्नियात हलणार, आणि मँचेस्टरची टीम लॉस एंजेलिसजवळच्या ऑन्टारिओ गावी जाणार (हे ऑन्टारिओ कॅलिफोर्नियातलं, कॅनडातलं नव्हे). म्हणजे कप हातात घेऊन खेळाडू ज्या गावात मिरवले, त्या गावात पुढच्या हंगामात ती टीमच नव्हती. मँचेस्टरला बदल्यात खालच्या लीगची टीम मिळाली, तीही २०१९ मध्ये संपली.

किंग्जनी हे का केलं? दुखापत झाली की संध्याकाळच्या सामन्याला बदली खेळाडू दुपारी हवा असतो. तो देशाच्या दुसऱ्या टोकाला असला की विमान, वेळेचा फरक, थकवा. तासाभराच्या गाडीप्रवासावर असला की काम झालं. पश्चिमेकडच्या बाकी क्लबांचंही गणित हेच होतं. त्यात मँचेस्टरच्या गर्दीचा, थंडीचा किंवा कपाचा विचार दुय्यम होता.

बोझियर-श्रीव्हपोर्टच्या मडबग्जनी २०११ मध्ये सीएचएल या आणखी एका छोट्या लीगचं विजेतेपद मिळवलं आणि लगेच दुकान बंद केलं. न्यूफाउंडलंड ग्राउलर्स आपल्या पहिल्याच हंगामात, २०१९ ला, केली कप जिंकले. त्यांची गोष्ट मात्र पुढच्या मुद्द्यांपर्यंत ताणावी लागेल, कारण सेंट जॉन्स या एका गावात या फिरत्या निदानातले बहुतेक दावे एकाच वेळी कोसळतात.

सेंट जॉन्स हे न्यूफाउंडलंड बेटावरचं गाव. हॉकीचं वेड इतकं की २०११ मध्ये आइसकॅप्स ही एएचएल टीम आली तेव्हा सुरुवातीचे हंगाम खच्चून भरलेले. त्याआधी १९९१ ते २००५ तिथे टोरोंटोची दुय्यम टीम होती. दोन्ही गेल्या. आइसकॅप्स २०१७ मध्ये मॉन्ट्रियलच्या उपनगरात, लावालला गेले, कारण वरच्या क्लबला टीम दाराशी हवी होती. बेटावर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्या संघाला विमानाने यावं लागतं, आणि त्या खर्चातला वाटा यजमानांना उचलावा लागे. बसने तीन तासांत पुढच्या गावी पोचणाऱ्या टीमशी तुलनाच नाही. ग्राउलर्स आले, जिंकले, मग २०२१ मध्ये अरीना चालवणाऱ्या शहराच्या संस्थेशी त्यांचं बिनसलं आणि काही घरचे सामने शेजारच्या छोट्या रिंकवर खेळावे लागले. २ एप्रिल २०२४ ला ईसीएचएलने त्यांचं सदस्यत्व रद्द केलं. मालकांनी लीगची देणी-जबाबदाऱ्या पाळल्या नाहीत, असं कारण दिलं. थंडी होती, प्रेम होतं, कप होता. त्याच मालकांची त्रुआ-रिव्हिएरची टीमही संकटात होती, ती दुसऱ्यांच्या हाती गेली आणि २०२५ ला तिने केली कप जिंकला. अडचण खेळात किंवा गावात असती तर हे झालंच नसतं.

पुण्याच्या वाचकांना हे नवं वाटू नये. पुणे वॉरियर्स २०१३ मध्ये आयपीएलमधून गेले ते बँक हमीच्या वादातून. त्यावरून पुण्यात क्रिकेटला प्रेक्षक नाही असं कोणी म्हणालं असतं तर आपण हसलो असतो.

दावा तिसरा: मोठं शहर म्हणजे सुरक्षित धंदा

यावर फार शाई खर्च करायची गरज नाही. सॅन फ्रान्सिस्को बुल्स २०१२ मध्ये काउ पॅलेस या १९४१ च्या जुन्या इमारतीत उतरले आणि जानेवारी २०१४ मध्ये हंगाम अर्धवट टाकून बंद पडले. जगातल्या सगळ्यात श्रीमंत भागांपैकी एक. आणि पेनसिल्व्हेनियातलं हर्शी, वस्ती जेमतेम चौदा-पंधरा हजार, तिथे बेअर्स १९३८ पासून एएचएलमध्ये आहेत, अरीनात साडेदहा हजार जागा, आणि लीगमधल्या सर्वाधिक गर्दीच्या यादीत त्यांचं नाव वर्षानुवर्षं पहिलं किंवा पहिल्याच्या आसपास. पाम डेझर्टला दोन वर्षं ओळीने अंतिम फेरीत हरवणारे हेच.

हर्शीत दर हिवाळ्यात टेडी बेअर फेकण्याची रात्र असते. घरच्या टीमचा पहिला गोल झाला की प्रेक्षक घरून आणलेली खेळणी बर्फावर भिरकावतात, खेळ थांबतो, खेळाडू, कर्मचारी, स्वयंसेवक सगळे मिळून पोती भरतात आणि खेळणी संस्थांना वाटली जातात. जानेवारी २०२५ मध्ये आकडा गेला १,०२,३४३ वर. साडेदहा हजार खुर्च्यांना भागा: माणशी जवळजवळ दहा. हे लोक पिशव्या, पोती, टेम्पो भरभरून आणतात, शाळांत आणि कचेऱ्यांत आधीपासून गोळा करतात. मोठ्या शहरात शंभर करमणुकी असतात. हर्शीत हिवाळ्यातली शनिवारची रात्र म्हणजे बेअर्स. शिवाय टीमची मालक कंपनीच अरीना चालवते, बाजूचं करमणूक उद्यानही तिचंच. भाडं, पार्किंग, खाणंपिणं, सगळं एकाच खिशात.

दावा चौथा: टीम गेली म्हणजे गावाने नाकारली

मला सगळ्यात जास्त राग येतो तो या वाक्याचा.

मेन राज्यातलं पोर्टलंड. पायरेट्स ही एएचएल टीम तिथे बरीच वर्षं होती. २०१३ मध्ये सार्वजनिक पैशातून अरीनाचं मोठं नूतनीकरण झालं आणि नव्या भाडेकरारावरून टीम आणि अरीनाचे विश्वस्त यांच्यात जुंपली. वाद कशाचा? मुख्यतः खाण्यापिण्याच्या विक्रीतला वाटा कोणाला किती, याचा. सामन्याच्या रात्री विकली जाणारी बिअर आणि हॉट डॉग यांचे पैसे इमारतीचे की माणसं खेचून आणणाऱ्यांचे? प्रकरण कोर्टात गेलं. २०१३-१४ चा अख्खा हंगाम पायरेट्स पाऊण तासावरच्या लुइस्टनला, लहान आणि जुन्या रिंकमध्ये खेळले. गर्दी घटली. पोर्टलंडच्या माणसाने शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून, पोरांना गाडीत कोंबून लुइस्टन गाठावं ही अपेक्षाच चूक. टीम परत आली, पण २०१६ मध्ये विकली गेली. तेव्हा सोपं निदान झालंच: पोर्टलंडला हॉकीत रस उरला नाही. दोन वर्षांनी त्याच अरीनात ईसीएचएलची मेन मरिनर्स आली आणि लोकही आले.

पायरेट्स गेले कुठे? मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला. या गावात एएचएलचं मुख्यालय आहे, पण तिथली फाल्कन्स ही टीम सरासरी तीनेक हजार प्रेक्षकांवर रडतखडत चालली होती. २०१६ मध्ये अॅरिझोनाच्या क्लबने ती विकत घेऊन टूसॉनला नेली. तेव्हा म्हटलं गेलं की स्प्रिंगफिल्ड संपलं. स्थानिक गुंतवणूकदारांनी पायरेट्सचा परवाना विकत घेतला, थंडरबर्ड्स नाव दिलं आणि त्याच अरीनात, त्याच लीगमध्ये, त्याच हिवाळ्यात विक्री नव्याने सुरू केली. ऑफिसात माणसं भरली, कंपन्यांना गटाने तिकिटं विकली, आठवड्याच्या अधल्यामधल्या सामन्यांपेक्षा शुक्रवार-शनिवारवर जोर दिला. काही वर्षांत सरासरी सहा हजारांच्या घरात गेली, म्हणजे साधारण दुप्पट. गाव तेच. बदलले ते मालक आणि तिकीट विकणारे.

लास व्हेगासचं तर सांगायलाच नको. तिथल्या रँग्लर्स या छोट्या लीगच्या टीमला २०१४ मध्ये हॉटेलातल्या अरीनाने करार वाढवून दिला नाही, दुसरी जागा मिळाली नाही, टीम थांबली. वाळवंट आणि हॉकी यांवर तेव्हा भरपूर विनोद झाले. २०१७ मध्ये त्याच शहरात एनएचएलची टीम आली आणि २०२३ मध्ये तिने एनएचएलचा स्टॅनली कप जिंकला.

शेवटी इंडियानातल्या फोर्ट वेनचं. कॉमेट्स तिथे १९५२ पासून. १९९० मध्ये मालकाने टीम उचलून न्यू यॉर्क राज्यातल्या ऑल्बनीला नेली. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे निदान करायचं तर फोर्ट वेनने हॉकी नाकारली होती. त्याच उन्हाळ्यात गावातल्या फ्रँकी कुटुंबाने मिशिगनमधल्या फ्लिंटची टीम विकत घेऊन फोर्ट वेनला आणली आणि तिला जुनंच नाव दिलं. ऑल्बनीला गेलेली टीम पहिला हंगामही पुरा करू शकली नाही; फेब्रुवारी १९९१ मध्ये बंद पडली. फोर्ट वेनने १९९३ ला आपल्या तेव्हाच्या लीगचा टर्नर कप जिंकला, तोही प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेऱ्यांत, एकही सामना न हरता. त्यानंतर ते ज्या ज्या लीगमध्ये खेळले, त्या एकामागून एक बुडाल्या. कॉमेट्स दर वेळी पुढच्या लीगमध्ये गेले आणि आज ईसीएचएलमध्ये खेळतात, त्याच अॅलन काउंटीच्या कोलिझियममध्ये.