आखाजीच्या गाण्यांचा ‘बँड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

आखाजीला, म्हणजे आपल्या खानदेशातल्या अक्षय्य तृतीयेला, बाया झोक्यावर गातात ती गाणी आम्ही बासऱ्यांवर वाजवली. त्यावरचं “आमना गानासना तुमी पार बँड करी टाका” हे तुमचं वाक्य मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, बरोबरच लिहिलंय. तुमचे आक्षेप तीन : लय रडकी, शब्द गेले, आणि बासऱ्या बेसूर. बेसूर म्हटलेलं जास्त झोंबलं, म्हणून आधी तेच.

आम्ही निंबाखाली वाजवलं ते आखाजीच्या दुपारी. अमळनेरकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. बासरीतली हवा तापली की सूर चढतो. पेटीच्या पट्ट्या काही तशा चढत नाहीत. सकाळी घरात जुळवलेली पोरं दुपारी पेटीच्या वर निघून गेली. पेटी घरीच ठेवायला हवी होती. ही चूक माझी, पोरांची नाही.

दुसरी चूक मोठी. धृपदावर दोघांना तार षड्ज (वरचा सा) दिला आणि दोघांना त्याच्या वरचा गंधार (ग). सिनेमाच्या गाण्यांत भरगच्च वाटतं ना, तसं करायला गेलो. पण दोन बासऱ्या तार सप्तकात एकत्र वाजल्या की कानात खाली तिसराच सूर घुमतो. गंधार नेमका लागला तर तो षड्जात विरून जातो, जरा हलला की डास गुणगुणतो. तुम्ही ऐकलात तो डास. गंधार काढून टाकलाय.

खर्जाचं, म्हणजे खालच्या सुराचं, मात्र तुमच्या लक्षात आलं नसेल, कारण तो कुणालाच ऐकू गेला नाही! चौघांकडे पांढरी पाचच्या (पेटीची पाचवी पांढरी पट्टी हा ज्यांचा सा) बासऱ्या होत्या आणि एका मुलीकडे पांढरी एकची लांब बासरी. तिची सहाही भोकं बंद केली की तिचा मंद्र पंचम (खालचा प) लागतो, तोच आमच्या गाण्याचा षड्ज. झोक्याच्या फांदीसारखा तो एकच सूर खाली धरून ठेवायचा, असा बेत होता. वहीत झकास दिसला. पण बासरीचा खालचा सूर मुळात अशक्त. उघड्यावर वरच्या चौघांनी तो गिळला. आता माईक फक्त तिच्यापुढे.

लयीबद्दल मी ऐकणार नाही. ती मी झोक्यावरून घेतली. आमच्या झोक्याचा दोर साधारण 4 मीटर, त्याला जाऊन यायला 4 सेकंद लागतात. वर बसणारी पोर हडकुळी असो की जाडजूड. म्हणून एका हेलकाव्याला चार मात्रा. रडकी वाटली ती दमामुळे : ओळ संपली की सगळे एकदम श्वास घ्यायचे आणि गाण्याचा झोका मधेच थांबायचा. आता निम्मे ओळीच्या मध्यात दम घेतात.

शब्द गेले, हे कबूल. सासरचं गाऱ्हाणं बासरी कसं सांगणार? एवढंच जमतं की ओळीच्या शेवटच्या ‘वं’ला खाली घसरती मींड द्यायची. यापुढे पहिलं कडवं बाया गातील, मग बासऱ्या. त्याही दोन-दोनच्या जोड्या करून, झोक्याच्या दोन बाजूंना उभ्या. एकीने विचारायचं, दुसरीने उत्तर द्यायचं.

हे मला आधी सुचायला हवं होतं. कार्यक्रम संपल्यावर शेजारची म्हातारी म्हणालीच होती, “गानं गोड से, पन झोका कोठे से?”

तुमच्या आईच्या चालीत ‘वं’च्या आधी थोडं थांबतात, असं तुम्ही लिहिलंय. फोनवर गाऊन पाठवाल का? श्रावणात कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या देवीच्या) गाण्यांना हात घालण्याआधी मला ते थांबणं ऐकायचंय.