‘द स्नोमॅन’मधला तो आवाज ॲलेड जोन्सचा नाही

नाताळ जवळ आला की एक क्लिप ग्रुपवर फिरू लागते. सोबत मजकूर असतो: ‘द स्नोमॅन’ या ॲनिमेशनपटात ‘वॉकिंग इन द एअर’ गाऊन ॲलेड जोन्स हा मुलगा रातोरात प्रसिद्ध झाला.

चित्रपटात ॲलेड गायलेलाच नाही. १९८२ च्या त्या चित्रपटातला आवाज पीटर ऑटीचा, लंडनच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलच्या गायकवृंदातल्या मुलाचा. मूळ श्रेयनामावलीत त्याचं नावच नव्हतं, ते २००२ मध्ये घातलं गेलं. गैरसमजाचं मूळ इथेच आहे, आणि मला याचंच जास्त वाईट वाटतं. १९८५ मध्ये एका जाहिरातीसाठी गाणं पुन्हा हवं होतं. तोवर पीटरचा आवाज फुटला होता, म्हणून ॲलेडला बोलावलं. त्याची रेकॉर्ड ब्रिटनमध्ये लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत गेली.

ॲलेडची सुरुवातही त्याआधीची. वेल्समधल्या बँगर कॅथेड्रलमध्ये तो नवव्या वर्षापासून गात होता, आणि १९८५ च्या आधीच त्याच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. दोघेही गुणी, पण चित्रपटातलं श्रेय पीटरचं. तो पुढे ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाट्यात, टेनर (उंच पट्टीचा पुरुष गायक) म्हणून गाजला.

तो मजकूर कृपया पुढे पाठवू नका. क्लिप पाठवायचीच असेल, तर पीटर ऑटीचं नाव लिहून पाठवा.