ग्रेट निकोबारमध्ये 'नुसते जंगल' नाही

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्रफीत आली. अंदमान-निकोबारमधल्या ग्रेट निकोबार बेटावर मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नवे शहर उभे राहणार, म्हणून सगळे आनंदले होते. "तिथे आहेच काय, नुसते जंगल!" असे एका काकांनी लिहिले आणि तेव्हापासून माझे कशातच मन लागलेले नाही.

काका, तिथे माणसे आहेत. जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे शोंपेन आहेत, ज्यांची नोंद २०११ च्या जनगणनेत अवघी २२९ झाली. निकोबारी आहेत. शिवाय १९६९ पासून सरकारने वसवलेली माजी सैनिकांची कुटुंबे आहेत आणि त्यांत मराठी घरेही आहेत. कॅम्पबेल बे या तिथल्या मुख्य गावी गेले होते तेव्हा अशाच एका घरातल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या आजींनी मला आग्रहाने जेवू घातले. त्यांची नारळ-सुपारीची बाग २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत गेली. "पाणी ओसरेल म्हणून वाट पाहिली, पण जमीनच खाली बसली होती गं," असे त्या म्हणाल्या. ते खरेच होते. बेटाचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, त्या भूकंपात चार मीटरहून अधिक खचले आणि तिथले दीपगृह पाण्यात उभे राहिले.

अशा भूमीवर सुमारे ७२,००० कोटींचा प्रकल्प! त्यासाठी १३० चौरस किलोमीटर जंगल, म्हणजे बेटाचा जवळजवळ सातवा हिस्सा द्यायचा आणि भरपाईची झाडे हरियाणात लावायची. विषुववृत्ताजवळच्या वर्षावनाची भरपाई हरियाणात कशी होते, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. बंदर गलाथिया उपसागरात होणार, म्हणून तिथले लेदरबॅक या महाकाय समुद्री कासवांचे अभयारण्यही २०२१ मध्ये रद्द करण्यात आले.

मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारी जहाजे जवळून जातात आणि देशाला तिथे पहारा हवा, हे मान्य. पण पहाऱ्यासाठी लाखोंचे शहर लागत नाही.

त्या आजींना कोणी विचारले असते, तर त्यांनी कासवांविषयी सांगितले असते. रात्री लेदरबॅक मादी अंडी घालायला वर आली की त्यांची मुले कंदील विझवून गप्प बसत. त्सुनामीने किनारा गिळला तेव्हा ती कासवे आता कायमची गेली असे त्यांना वाटले होते. पुढे वाळू पुन्हा साचली आणि कासवे परतली. कुजत्या पालापाचोळ्याच्या उबेवर अंडी उबवणारा मेगापोड पक्षीही त्याच किनाऱ्यालगत आपले ढिगारे रचतो.

निकोबारी लोकांना मात्र परतता आलेले नाही. त्सुनामीनंतर त्यांना कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणून ठेवले गेले. आपल्या जुन्या गावांना परत जाऊ द्या, असे ते तेव्हापासून सांगत आहेत. त्यांच्या आदिवासी परिषदेने प्रकल्पाला दिलेली संमती नोव्हेंबर २०२२ मध्ये लेखी मागे घेतली. काका, ती चित्रफीत पुढे पाठवण्याआधी एवढे तरी गटावर लिहा.