चहाचा रंग आणि चहाची प्रत : एका संदेशाला उत्तर

सांगलीत गेले काही दिवस चहाविषयीचा एक संदेश या गटातून त्या गटात फिरतो आहे. त्यात पाच विधाने आहेत. उत्तम चहा पाण्यात पडताच लालभडक होतो. शुद्ध चहा थंड पाण्यात मुळीच रंग सोडत नाही. हिरवा, पांढरा आणि काळा चहा निरनिराळ्या झाडांपासून होतो. पाकिटावर ग्रेडची अक्षरे जितकी अधिक तितका चहा चांगला. आणि चहा जितका जुना तितका मुरलेला. आमच्या घरी हळदीची अडत आहे आणि बरीच वर्षे मी मळ्यांतून चहा मागवून तो चाखत आणि शिकत आलो आहे. या संदेशामुळे चांगला चहा लोक ‘फिका’ म्हणून परत करू लागले आहेत, म्हणून हे उत्तर.

सर्वांत घातक विधान पहिले आहे. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद पारखणारा माणूस पॉलिश केलेल्या हळकुंडाच्या वरच्या पिवळेपणावर भाव ठरवत नाही. तो हळकुंड मोडतो आणि आतला गाभा पाहतो. चहाच्या रंगाकडेही तसेच पाहावे लागते. खुडलेले पान सुकवून चुरगळले की त्यातील रस हवेशी संयोग पावतो आणि त्यातून थिॲफ्लेव्हिन आणि थिॲरुबिजिन ही द्रव्ये तयार होतात. पहिल्यामुळे पेल्यातली सोनेरी झळाळी आणि जिभेवरची तरतरी येते, तर तांबूस-तपकिरी गडदपणा मुख्यतः दुसऱ्यामुळे येतो. त्याशिवाय कण जितका बारीक तितका रंग लवकर उतरतो. १९३० च्या दशकात आसामात पुढे आलेली सीटीसी पद्धत पान दातेरी रुळांतून फाडून त्याचे दाणे करते; त्या दाण्याचा रंग झटपट सुटतो आणि दुधातही टिकतो. आपल्या रोजच्या दुधाच्या चहाला तोच योग्य आहे, त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या गडदपणाचे माप पानाच्या चहाला लावणे चूक आहे.

मागच्या रविवारी मी हे दोन्ही चहा शेजारी शेजारी ठेवून पाहिले. चहा चाखण्यासाठीच्या आयएसओ ३१०३ या मानकाप्रमाणे दर १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा घेतला, सहा मिनिटे झाकून ठेवला आणि दोन्ही कोरे प्यायले. सीटीसीचा पेला गडद लाल झाला, पण कोमट होताच त्याचा वास विरला आणि मागे तुरटपणा राहिला. दार्जिलिंगच्या वसंतातल्या पहिल्या बहराचा चहा पातळ मधाच्या रंगाचा होता. घोट गिळल्यानंतरही फुलाचा वास नाकात रेंगाळत होता. चोथा झाकणावर उपडा केला तेव्हा हिरवट-तांबूस पाने उलगडली होती आणि एका देठावर दोन पाने व मधली कळी शाबूत दिसत होती. या बहराची पाने फार कडक सुकवतात, त्यामुळे हवेशी होणारा संयोग अर्धवट राहतो आणि रंग फिका येतो. तो फिकेपणा करणाऱ्याच्या कौशल्यातून आलेला असतो.

त्यानंतर, मे-जूनमधल्या दुसऱ्या बहराची गोष्ट आपल्या द्राक्ष बागायतदारांना विशेष वाटेल. त्या चहातला पिकल्या द्राक्षांसारखा सुगंध ज्या कारणांनी येतो, त्यांत तुडतुडे आणि फुलकिडे यांचा मोठा वाटा आहे. ते कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड बचावासाठी सुगंधी द्रव्ये तयार करते आणि तीच पुढे पेल्यात उतरतात. तासगाव-मिरजेकडे ज्या किडीवर आपण फवारे मारतो, तिच्या चाव्यामुळे तिथल्या चहाला भाव येतो.

थंड पाण्याची परीक्षा अर्धवट सांगितली आहे. चहातली रंगद्रव्ये पाण्यात विरघळणारीच आहेत. अस्सल सीटीसी थंड पाण्यात काही मिनिटे ठेवली तरी पाणी तांबूस होते आणि पानाचा चहा रात्रभर थंड पाण्यात भिजवून पितातही. वरून रंग लावल्याचा संशय असेल तर गाळणकागदावर चहा पसरावा, त्यावर पाणी शिंपडून तो भिजू द्यावा, मग चहा काढून कागद नळाखाली धुवावा आणि उजेडात पाहावा. रंग लावलेला असेल तर कागदावर काळपट-तपकिरी डाग राहतात.

तिसऱ्या विधानाला उत्तर एका ओळीचे आहे : हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा हे सर्व चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच जातीच्या झाडाच्या पानांपासून होतात. पान खुडल्यानंतर लवकर वाफ किंवा उष्णता देऊन संयोग थांबवला की हिरवा आणि तो पूर्ण होऊ दिला की काळा. ग्रेडच्या अक्षरांतून पानाचा आकार, ते अखंड आहे की तुटलेले, आणि त्यात कळ्या किती, एवढेच कळते. ‘ऑरेंज पेको’त संत्रे नसते आणि ‘डस्ट’ ही कारखान्यातली झाडलोट नसून चाळणीतून निघालेला सर्वांत बारीक कण असतो.

पाण्याचा मुद्दा मात्र संदेशात मुळीच नाही, आणि आपल्या भागात तो फार महत्त्वाचा आहे. बोअरच्या जड पाण्यात केलेल्या कोऱ्या चहावर तवंग धरतो, झळाळी जाते आणि महागाचा चहाही मातकट लागतो. दुकानदाराला दोष देण्यापूर्वी तोच चहा गाळलेल्या हलक्या पाण्यात करून पाहावा.

राहिला जुना चहा. चीनमधला पू-अर हा वर्षानुवर्षे मुरवण्यासाठीच केलेला असतो, पण त्याचा नियम दार्जिलिंगला किंवा हिरव्या चहाला लावता येत नाही; त्यांचा सुगंध ओल, उजेड आणि हवा यांनी उडतो आणि शेजारचा वास ते लगेच ओढून घेतात. आमच्या वखारीत हळदीच्या पोत्यांजवळ चहाचा एक डबा झाकण सैल राहिलेल्या अवस्थेत महिनाभर पडून होता. उघडला तेव्हा पाने दिसायला तशीच होती, पण कोरा चहा केल्यावर पहिल्या घोटालाच हळदीचा वास आला. म्हणून विकत घेताना पाकिटावर मळ्याचे नाव, बहर आणि खुडणीचे वर्ष आहे का ते पाहावे, आणि नसेल तर दुकानदाराला तेच आधी विचारावे.